युद्धपट लागणार असेल तर कोल्हापुरात स्पर्धा कशी भरवायची

युद्धपटाच्या प्रचारासाठी काहीतरी स्पर्धा घेऊया असं ठरलं की बैठकीत दोन सूचना हमखास येतात. एक, तिकिटाचा तुकडा डब्यात टाकायचा आणि लकी ड्रॉ काढून मोपेड द्यायची. दुसरी, पोरांना मिलिटरीचे कपडे चढवून महाद्वार रोडवरून फेरी काढायची. दोन्ही तिथंच बाजूला ठेवा. पहिली कायद्याच्या कचाट्यात सापडते. दुसरीचंही तेच, शिवाय बघ्यांत उभा असलेला एखादा निवृत्त सुभेदार चुकीच्या खांद्यावरचा चुकीचा बिल्ला पाहून भर रस्त्यात तुमची खरडपट्टी काढतो.

कोल्हापुरात युद्धपटाचा प्रेक्षक जरा वेगळा आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावापुढे 'सैनिक' लागलं ते उगीच नाही. गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातून फौजेत जायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शेजारी बेळगावात, प्रादेशिक सेनेची 109 मराठा बटालियन खुद्द शहरात, टेंबलाई टेकडीला. संस्थानची राजाराम रायफल्स स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीतच सामील झाली. म्हणजे तुम्ही ज्यांना प्रश्न विचारणार, त्यांच्यातल्या काहींनी उत्तरं अंगावर झेललेली आहेत. स्पर्धेची सगळी आखणी हे धरून करायची. प्रश्न दमदार असेल तर लोक तो घरी घेऊन जातात, जेवताना आजोबांना विचारतात आणि शुक्रवारी आजोबांसकट थिएटरला येतात. प्रश्न भिकार असेल तर बक्षीस कितीही मोठं ठेवा, बक्षीस लाटणारेच येतील आणि तिकीट काढणार नाहीत.

पहिलं काम: कागद

कल्पना लढवण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, वितरकाची लेखी परवानगी आणि चित्रपट नेमक्या कुठल्या लढाईवर आहे याची माहिती.

प्रमाणपत्र का, तर 2024 पासून 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या चित्रपटांचे, 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन गट झालेत. 'यूए 16+' चित्रपटाचं पोस्टर घेऊन पाचवीच्या वर्गात शिरलात तर मुख्याध्यापक तुम्हाला दारातूनच वाटेला लावतील, आणि बरोबरच करतील. 'ए' असेल तर शाळांचा विषयच संपला. 18 च्या आतल्या मुलाला बक्षीस म्हणून त्याचं तिकीट देताच येत नाही.

वितरकाकडून पोस्टर, स्टिल्स आणि ट्रेलर वापरायची परवानगी ईमेलवर घ्या. फोनवर 'वापरा की' म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत असतो. त्याच ईमेलमध्ये स्पर्धेची तिकिटं किती आणि कुठल्या शोची, हेही लिहून घ्या. पहिल्या शनिवार-रविवारची फुकट तिकिटं शेवटच्या क्षणी रद्द होतात, आणि मग विजेता तुमच्या दारात उभा राहतो, वितरकाच्या नाही.

तारखा

प्रदर्शनाआधी तीन आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात प्रश्न आणि परवानग्या, दुसऱ्यात शाळा-कॉलेज आणि मोबाईलवरची फेरी, तिसऱ्यात चौक. अंतिम फेरी बुधवारी ठेवा, म्हणजे गुरुवारच्या पेपरात फोटो येतो आणि शुक्रवारी पहिला शो.

जोडून येणारे दिवस बघा: 15 जानेवारीचा सेना दिवस, 4 फेब्रुवारीचा मराठा लाइट इन्फंट्रीचा दिवस (सिंहगड घेतला ती तारीख), 26 जुलैचा कारगिल विजय दिवस, 7 डिसेंबरचा ध्वजदिन, 16 डिसेंबरचा विजय दिवस. पण त्या दिवशी सकाळी शहीद स्मारकाजवळ अभिवादन चालू असताना तुमचा भोंगा तिथं वाजता कामा नये. संध्याकाळ तुमची. गळीत हंगामात गावाकडची फेरी दिवसा ठेवलीत तर समोर फक्त खुर्च्या बसतील. फुटबॉलचा मोठा सामना असेल त्या संध्याकाळी पेठांत काहीच ठेवू नका, हे सांगायला नकोच.

सीमेवर खरोखरच गोळीबार सुरू झाला असेल तर स्पर्धा गुपचूप पुढे ढकला. ज्या घरातला पोरगा त्या क्षणी पोस्टवर आहे, त्या घराला तुमचं 'ओळखा आणि जिंका' ऐकवत नाही.

प्रश्न: इथं वेळ घाला

हिरोचा वाढदिवस, नायिकेचा आधीचा चित्रपट असले प्रश्न टाकायचे असतील तर युद्धपट कशाला हवा? तसले फार तर दोन, वातावरण सैल करायला. बाकी सगळे लढाईचे, माणसांचे, जमिनीचे.

चांगला प्रश्न तो, ज्याचं उत्तर मोबाईलवर तीन सेकंदात सापडत नाही किंवा सापडलं तरी 'असं का?' हे उरतं. '1971 चं युद्ध कधी संपलं?' हा प्रश्न मेलेला आहे. त्याऐवजी विचारा: 4 डिसेंबर 1971 च्या रात्री लोंगेवाला चौकीवर पाकिस्तानी रणगाडे आले, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताशी जेमतेम एक कंपनी, म्हणजे शे-सव्वाशे जवान. जैसलमेरचा हवाई तळ मदतीला होता, तरी रात्रभर एकही विमान का आलं नाही? उत्तर असं की हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, त्यामुळे पहाटेपर्यंत कळ काढावी लागली. हे उत्तर ऐकून समोरचा माणूस ती रात्र डोळ्यांपुढे आणतो. तुमचा चित्रपट लोंगेवालाचा नसला तरी चालतं.

आपल्याकडं सगळ्यात रंगणारा प्रश्न 1965 चा आहे. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, त्या काळातले भारी रणगाडे, का अडकले? इथं पर्याय देऊ नका, लोकांना बोलू द्या. उत्तर: कालवे फोडून शेतात पाणी सोडलं होतं, आणि आपले रणगाडे उसात दबा धरून बसले होते. नुकतं पाणी पाजलेल्या उसात ट्रॅक्टर घातला की काय होतं हे करवीर-शिरोळच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. लगेच जोडप्रश्न: तिथं जीपवरच्या तोफेनं रणगाडे फोडणारा, परमवीरचक्र मिळालेला हवालदार कोण? अब्दुल हमीद. हे दोन प्रश्न शेवटाला ठेवा.

मराठा पलटणीचा हवा असेल तर जमालपूर घ्या. डिसेंबर 1971, पूर्व पाकिस्तान. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी वेढ्यात सापडलेल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याचं पत्र पाठवलं. उत्तराच्या पत्रात गुंडाळून काय आलं? बंदुकीची गोळी. आणि त्या वेढ्यात मराठा लाइट इन्फंट्रीची कुठली बटालियन होती? पहिली, जंगी पलटण. चौकात हा प्रश्न पडला की 'गोळी!' असं ओरडणारा एखादा म्हातारा हमखास निघतो. त्याला माईक द्या आणि दोन मिनिटं घड्याळाकडं बघू नका.

स्थानिक प्रश्न एक तरी हवाच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांना दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या कांगावच्या लढाईत कोणता सन्मान मिळाला? डीएसओ, म्हणजे ब्रिटिशांचा 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर'. त्याच लढाईत आणखी दोन भारतीय बटालियनप्रमुखांना तोच सन्मान मिळाला, त्यातले एक पुढे सरसेनापती झाले, ते कोण? थिमय्या. ज्याला थोरात माहीत आहेत त्यालाही थिमय्या अडवतात.

महिला गटासाठी म्हणून वेगळे 'सोपे' प्रश्न काढायची पद्धत बंद करा. त्याऐवजी सगळ्यांना विचारा: परमवीरचक्राचा नमुना कुणी काढला? सावित्री खानोलकर, जन्मानं स्विस, मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. पदकावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा आहेत. आणि पहिलं परमवीरचक्र ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा त्यांच्या थोरल्या मुलीचे दीर.

आता भांडण लावणारे प्रश्न. 'महाराष्ट्राचा पहिला परमवीर कोण?' हे विचारलंत की संपलं. रामा राघोबा राणे कारवारकडचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातले. तारापोर मुंबईत जन्मलेले, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे. प्रत्येक जण आपलं बरोबर म्हणणार, आणि बरोबरही असणार. 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'एकमेव' हे शब्द प्रश्नात आले की दोनदा तपासा. 'हवाई दलातले एकमेव परमवीर कोण?' हा मात्र पक्का आहे: निर्मलजितसिंग सेखों. शत्रूच्या मृतांचे आकडे विचारूच नका. दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे असतात आणि टाळ्या भलत्या गोष्टीला पडतात. कुणाच्या धर्मावर घसरणारा प्रश्न, विनोद, निवेदकाची कोटी, काहीही नको. निवेदकाला हे आधी बजावून ठेवा.

प्रत्येक उत्तर दोन ठिकाणी पडताळा. शौर्य पदकांसाठी संरक्षण मंत्रालयाचं शौर्य पुरस्कारांचं संकेतस्थळ आहे, त्यावर सन्मानपत्राचा मजकूर मिळतो. चित्रपटाच्या ट्रेलरवरून उत्तर ठरवू नका. पडद्यावर दोन लढाया एकात मिसळलेल्या असतात, तीन अधिकाऱ्यांचा एक हिरो केलेला असतो. शेवटी अख्खी प्रश्नपत्रिका एका माजी सैनिकाला वाचायला द्या. तो 'बंदूक'वर काट मारून 'रायफल' लिहील, 'सैनिकांची तुकडी'वर काट मारून 'प्लाटून की कंपनी?' विचारेल. त्यासाठीच द्यायची असते.

कायदा आणि नियमपत्रक

ग्राहक संरक्षण कायदा 2019 विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धांकडे, सोडतींकडे, अगदी कौशल्याच्या खेळांकडेही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून बघतो. बक्षीस योजना संपल्यावर निकाल दडवणं हाही त्यातलाच प्रकार. म्हणून तिकीट घेण्याची अट ठेवायची नाही, नशिबावर काही सोडायचं नाही, आणि निकाल जिथं जाहिरात केली तिथंच ठळक छापायचा. नियमपत्रक वितरकाच्या वकिलाला दाखवून घ्या. त्याला दहा मिनिटं लागतात. शब्दकोडं ठेवायचा मोह झाला तर 1955 चा बक्षीस स्पर्धा कायदा आठवा, त्यात कोड्यांसाठी परवाना आणि महिन्याच्या एकूण बक्षिसांवर 1000 रुपयांची मर्यादा आहे. न्यायालयानं हा कायदा नशिबाच्या कोड्यांपुरता मानला असला तरी नसती डोकेदुखी कशाला.

पोस्टरवर राष्ट्रध्वज टाकू नका. ध्वजसंहितेनुसार तो जाहिरातीत वापरता येत नाही. कोल्हापुरात याहून मोठा मोह छत्रपती शिवाजी महाराजांच्या प्रतिमेचा असतो. 1950 च्या बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराच्या कायद्याच्या यादीत महाराजांचं नाव आणि चित्रही आहे, व्यापारासाठी ते वापरता येत नाही. आणि लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून गणवेश घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. तुमच्या पोरांना साधे टी-शर्ट द्या.

नियमपत्रक एका पानाचं, मराठीत, मोठ्या टायपात. असं काहीसं:

'सहभाग मोफत. तिकीट किंवा कोणतीही खरेदी आवश्यक नाही. स्पर्धा ज्ञानावर आधारित असून सोडत नाही. गुण समान झाल्यास आकड्याच्या प्रश्नावर निर्णय होईल; जवळचं उत्तर विजयी. उत्तराबद्दल हरकत त्याच फेरीत, पुढचा प्रश्न सुरू होण्याआधी घ्यावी. आयोजक, थिएटरचे कर्मचारी व त्यांचे नातेवाईक यांना भाग घेता येणार नाही. 18 वर्षांखालील स्पर्धकांसाठी पालकांची सही आवश्यक. बक्षिसाच्या बदल्यात रोख रक्कम मिळणार नाही. निकाल अमुक तारखेला थिएटरच्या फलकावर आणि अमुक दैनिकात.'

नातेवाइकांची अट गाळू नका. या गावात सगळे एकमेकांचे पाव्हणे असतात.

चौकातली फेरी

जागा अशी निवडा जिथं माणसं आधीच थांबलेली असतात. गंगावेशीत दूध कट्ट्याला रात्री लोक ताजं दूध प्यायला येतात, त्यांना कुठं जायची घाई नसते. बिंदू चौकात गर्दी आहे पण ती पळती, तिथं प्रश्नमंजुषा टिकत नाही. मिरजकर तिकटी मधली. जागेसाठी महापालिका, ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाणं आणि वाहतुकीसाठी वाहतूक शाखा असे तिन्ही अर्ज आठवडाभर आधी द्या, पोचपावती घ्या. रात्री 10 ला माईक बंद, यात तडजोड नाही. शेजारच्या तालमीच्या कार्यकर्त्यांना आधी जाऊन भेटा, परवानगी म्हणून नाही, पाहुणे म्हणून बोलवा. खुर्च्या, वीज आणि शिस्त तिन्ही त्यांच्याकडून येतात.

पेठ विरुद्ध पेठ असा सामना लावलात तर गर्दी तुफान होईल, पण पंचाला पोलीस बंदोबस्त लागेल. मिश्र गट करा. चिठ्ठ्या टाकून तीन-तीन जणांचे सहा गट, प्रत्येकात एक विद्यार्थी, एक गृहिणी किंवा नोकरदार, एक वयस्क. बझरच्या भानगडीत पडू नका. 'मी आधी दाबला' यातच निम्मा वेळ जातो. प्रत्येक गटाला एक पाटी आणि खडू द्या. प्रश्न दोनदा वाचायचा, मग हलगीवाल्यानं वीस सेकंद हलगी वाजवायची, हलगी थांबली की सगळ्यांनी पाट्या एकदम वर. उशिरा लिहिलेलं अक्षर मागच्या रांगेतूनही दिसतं, त्यामुळे वाद होत नाही. हलगीचा ठेका शेवटच्या पाच सेकंदांत चढवायला सांगा, रस्त्यावरून जाणारा थांबतो तो त्यामुळंच.

तीस मिनिटांत पंधरा प्रश्न. दर पाच प्रश्नांनंतर एक प्रश्न प्रेक्षकांना, लगेच हातात बक्षीस. ट्रेलर एकदाच, शेवटच्या प्रश्नाच्या आधी. मध्येमध्ये दाखवलात तर लोक उठतात.

शाळा-कॉलेज आणि मोबाईल

एनसीसी असलेल्या कॉलेजांत आधी एएनओ सरांना, म्हणजे एनसीसी बघणाऱ्या प्राध्यापकांना, भेटा, प्राचार्यांचं पत्र त्यांच्यामार्फत लवकर निघतं. लेखी फेरी, वीस प्रश्न, पंधरा मिनिटं. शाळेत चित्रपटाचं फलक लावू नका, प्रश्नपत्रिकेच्या खाली एक ओळ पुरे. शाळकरी मुलांकडून मोबाईल नंबर गोळा करायचे नाहीत; नाव, इयत्ता, पालकांची सही, बस्स.

मोबाईलवर रोज एक प्रश्न, रात्री 9 ला, उत्तरासाठी पंधरा मिनिटं. ऑनलाइन फॉर्ममध्ये वेळ आपोआप नोंदली जाते. एकाच नंबरवरून तीन नावांनी उत्तरं येतील, ती गाळा, आणि गाळणार हे नियमांत आधीच लिहा. सगळ्यात जलद उत्तराला जिंकवू नका, नाहीतर दर रात्री तीच चार पोरं. पाच दिवसांचे गुण एकत्र करा.

जुन्या फोटोंची स्पर्धा

प्रश्नमंजुषेच्या जोडीला एकच दुसरी स्पर्धा घ्यायची असेल तर ही घ्या: घरातल्या सैनिकाचा जुना फोटो, पत्र किंवा वस्तू, आणि सोबत दहा ओळींची हकीकत. निवडक दहा-बारा थिएटरच्या लॉबीत मांडा. आपल्या आजोबांचा फोटो लागलाय म्हटल्यावर चंदगडहून अख्खी गाडी भरून माणसं येतात.

पण अटी कडक. फक्त निवृत्त किंवा दिवंगत सैनिक. सेवेत असलेल्यांचे फोटो, युनिटची नावं, पोस्टिंगची ठिकाणं अजिबात घ्यायची नाहीत. मूळ फोटो ठेवून घेऊ नका, समोरच स्कॅन करून परत द्या. हुतात्म्याच्या घरच्यांची लेखी संमती घ्या. वीरपत्नी, वीरमातांना मंचावर बोलवायचं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत विचारा, आणि चित्रपटात मृत्यूचं दृश्य कसं आहे ते आधी स्पष्ट सांगा. नाही म्हटल्या तर विषय तिथंच सोडा. त्यांचा सत्कार स्पर्धेच्या निकालाला जोडून करू नका, क्रमांक पुकारताना मध्येच शाल म्हणजे फार वाईट दिसतं.

शाहिरीची परंपरा आपल्याकडं आहेच, पिराजीराव सरनाईकांचं गाव हे. तीन मिनिटांच्या पोवाड्याची फेरी घेता येते, पण परीक्षक शाहीर हवा, आणि अशी माणसं लवकर मोकळी नसतात. जमलं तर घ्या.

बक्षिसं

दहा हजारांपेक्षा मोठं एकच बक्षीस ठेवलंत की करकपातीचा हिशेब मागे लागतो. मोठं एक देण्यापेक्षा लहान पुष्कळ द्या. पहिल्या शोची कुटुंबाची चार तिकिटं, कोल्हापुरी चपलेचा जोड, गुळाची ढेप, युद्ध इतिहासावरचं पुस्तक. चपलेचं माप विचारून मगच द्या, नाहीतर ती बदलून घ्यायला लोक थिएटरवर येतात. प्रायोजक दुकानदार असेल तर त्याचं नाव फलकावर चित्रपटाच्या नावापेक्षा लहान, हे छापायच्या आधी ठरवा.

निकाल लागल्यावर

त्याच रात्री विजेत्यांची यादी, गुण आणि सगळी बरोबर उत्तरं थिएटरच्या फलकावर लावा. उत्तरं न लावता नुसती नावं लावलीत की 'ठरवून दिलंय' अशी चर्चा सुरू होते. एखाद्या उत्तरावर हरकत आली आणि ती खरी निघाली तर त्या गटाला गुण द्या आणि दुरुस्ती फलकावर लिहा. बक्षीस देताना सही आणि ओळखपत्राचा क्रमांक नोंदवा, न नेलेल्या बक्षिसांना सात दिवसांची मुदत द्या, मग पुढच्या क्रमांकाला कळवा. फॉर्म, पाट्यांचे फोटो, परवानग्यांच्या पोचपावत्या एका फाइलमध्ये ठेवा. सोमवारी वितरकाला हिशेब पाठवताना गर्दीच्या फोटोंपेक्षा एक साधा तक्ता जोडा: कुठल्या फेरीला किती माणसं, आणि त्या भागातून पहिल्या तीन दिवसांत किती तिकिटं गेली. पुढच्या चित्रपटाला पैसे मागताना तोच कामाला येतो.